वायरलेस माऊस अटकतोय? वायरचा आणण्याआधी एवढं बघून घ्या

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काउंटर आहे. तक्रार ठरलेली असते, माणसं तेवढी बदलतात. "भाऊ, माऊस अटकी ऱ्हायना" (म्हणजे अटकतोय) म्हणत एखादे आप्पा येतात. त्यांच्या मागे उभा असलेला कॉलेजचा पोरगा म्हणतो, "दादा, लॅग येतोय." दोघांचं दुखणं बऱ्याचदा एकच निघतं. आधी लक्षणं बघा. तुमचं कोणतं ते ओळखलं की निम्मं काम झालं.

- कर्सर सरकता सरकता थबकतो आणि पुढच्या क्षणी स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला दिसतो.
- कीबोर्ड अक्षरं खातो, किंवा एकदा दाबलेलं अक्षर ओळभर उमटत राहतं.
- काही मिनिटं हात लावला नाही की माऊस मेल्यासारखा होतो.
- एकदा दाबलं तर दोनदा क्लिक होतं. फोल्डर निवडायला जावं तर उघडूनच बसतं.
- वायरचा माऊस वायर हलली की बंद-चालू होतो आणि दर वेळी विंडोज टुंग-टुंग वाजवतं.
- गेममध्ये तीन बटणं एकदम दाबली की एक लागत नाही.
- हेडफोनमध्ये गोळीचा आवाज गोळी लागून गेल्यावर येतो.
- कॅबिनेटला किंवा यूएसबीच्या लोखंडी टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट अर्थिंगच्या भागावर जा. बाकीच्यांनी क्रमाने यावं. फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी, असाच क्रम लावलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पैसे तिथेच जातात. आमच्याकडच्या एका सेवा केंद्रावर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे फॉर्म असं दिवसभर चालतं. तिथल्या ऑपरेटरने अटकणारा वायरलेस माऊस टाकून दुसरा वायरलेस आणला. तोही अटकला. मग चिडून वायरचा घेतला. तो सुरळीत चालला, तेव्हा गावभर सांगत सुटला की वायरलेस म्हणजे थुकपट्टी. पहिला माऊस मी मागून घेतला आणि माझ्या टेबलावर लावला. तो आजही चालतोय. खोट माऊसमध्ये नव्हतीच. कुठे होती ते पुढे येतंय.

सेल

माऊस उलटा करून खालचं बटण बंद-चालू करा, मग सेल बदला. "मागच्या महिन्यातच टाकला" हे मी ऐकून घेतो आणि तरीही मल्टिमीटर लावतो. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या जरा वरच दाखवतो. १.१ च्या आसपास आलेला असेल तर माऊसचा दिवा लागतो, पण आतल्या रेडिओला कॉम्प्युटरकडे निरोप पाठवायला जोर पुरत नाही. म्हणून दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, हा हिशोब चुकतो. मीटर नसेल तर ओळखीचा नवा सेल टाकून बघा, एवढं पुरतं. काढलेला सेल फेकू नका. भिंतीवरच्या घड्याळात टाका, तिथे तो अजून काही महिने काढतो. घड्याळ करंट अगदी थोडा ओढतं.

चार्जिंगचे सेल वापरत असाल तर ते मुळातच १.२ व्होल्टचे असतात. काही माऊस ते टाकले की लगेच 'बॅटरी कमी' ओरडतात. तो बिघाड समजू नका.

सेल काढल्यावर आतली स्प्रिंग बघा. पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळलाय. कान साफ करायच्या काडीला लिंबाच्या रसाचा एक थेंब लावून पुसा, मग कोरड्या काडीने पुसा आणि चांगलं वाळू द्या. राहिलेला काळपटपणा पेन्सिलच्या खोडरबराने जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद पडून राहिलेल्या शाळेतल्या माऊसचं जूनमधलं दुखणं बहुतेक हेच असतं.

खालची जागा आणि सेन्सरचं भोक

माऊसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून तो किती सरकला ते ठरवतो. काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायकावर त्याला धरायला काही मिळत नाही, मग कर्सर थरथरतो. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर माऊस फिरवा. सुधारला तर माऊस पॅड घ्या, विषय संपला.

आणि ते भोक बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंगच्या आसपासच्या ऑफिसात कापसाचं बारीक तूस हवेत तरंगत असतं. त्यातला एक धागा सेन्सरपुढे अडकला की कर्सर एकाच दिशेला ओढल्यासारखा पळतो. फुंकर मारून निघत नाही, उलट थुंकी उडते. चिमट्याने काढा. वायरच्या माऊसलाही हे तितकंच लागू आहे.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा

खर्च शून्य आणि उत्तर सर्वात पक्कं. माऊस आणि त्याचा रिसीव्हर (यूएसबीत खोचतो तो छोटा तुकडा), दोन्ही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दहा मिनिटं वापरा. तिथेही अटकला तर माऊस दोषी. तिथे नीट चालला तर माऊस निर्दोष आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरचं पोर्ट, जागा किंवा सेटिंग बघायला हवं. ही पायरी लोक टाळतात, कारण शेजारच्या दुकानात जाऊन मागायचा संकोच वाटतो. संकोचापायी नवा माऊस घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

रिसीव्हर कुठे खोचलाय?

आता त्या सेवा केंद्राकडे येऊ. मी गेलो तेव्हा कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून होतं. नखाएवढा रिसीव्हर मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टात होता. शेजारच्या निळ्या पोर्टात बॅकअपची हार्डडिस्क, दिवसरात्र लावलेली. कॅबिनेटवर वायफायचा राऊटर आणि मध्ये लोखंडी टेबल. म्हणजे रिसीव्हरच्या चारही बाजूंनी शत्रू. मी हार्डडिस्कची वायर उपसली आणि त्याला म्हटलं, आता फिरव माऊस. फिरला. वायर परत लावली आणि फाइल कॉपीला टाकली, की अटकला. त्याच्यासमोर तीनदा करून दाखवलं.

कारण असं. यूएसबी ३.० मधला डेटा सेकंदाला पाच गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि धावताना रेडिओ गोंगाट बाहेर फेकतो. हा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. वायरलेस माऊसही २.४ वरच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं, पण ते माऊसच्या डब्यावर कोण छापणार? माऊसचा आवाज मुळात बारीक. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कानात कुजबुजल्यासारखं होतं.

उपाय साधा आहे. शे-दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, तिचं एक टोक काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा आणि रिसीव्हर टेबलावर माऊसपासून हातभर अंतरावर आणून ठेवा. हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह त्याच्यापासून लांब लावा. महागड्या गेमिंग माऊसच्या डब्यात अशी वायर बहुतेक वेळा दिलेलीच असते आणि लोक ती डब्यातच ठेवतात. इतक्या वर्षांत एकच उपाय निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. कर्सरची उडी, खाल्लेली अक्षरं आणि ओळभर उमटणारं अक्षर, तिन्ही यात बसतात. बटण सुटल्याचा निरोप वाटेत हरवला की कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून दाबलेलंच आहे, म्हणून ते 'ककककक' होतं.

हवेतली गर्दी

रिसीव्हर पुढे आणूनही अटकत असेल तर राऊटरकडे बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बाजारपेठेतल्या गाळ्यांमध्ये वीस-पंचवीस राऊटर याच तिघांत कोंबलेले असतात. त्यात हॉटस्पॉट चालू ठेवलेला मोबाइल माऊसला चिकटून पडलेला. आधी मोबाइल लांब ठेवून बघा. मग राऊटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर कॉम्प्युटर त्यावर टाका आणि २.४ ची जागा माऊसला मोकळी करा. कॉम्प्युटर राऊटरच्या शेजारीच असेल तर त्याला लॅनची वायर लावा, हे त्याहून चांगलं.

विंडोजची काटकसर

थोडा वेळ सोडला की माऊस झोपतो आणि क्लिक केल्यावर उठतो, हा बऱ्याच स्वस्त माऊसचा स्वभाव आहे. सेल वाचवायला तो स्वतःच झोपतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण उठायला पाच-दहा सेकंद लागत असतील, किंवा रिसीव्हर काढून परत लावावा लागत असेल, तर विंडोज यूएसबीची वीज कापतंय.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' खाली प्रत्येक 'यूएसबी रूट हब' वर जा आणि 'पॉवर मॅनेजमेंट' मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची टिक काढा. मग पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. काही नव्या लॅपटॉपवर 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब दिसतच नाही. नसेल तर नाद सोडा. ड्रायव्हर अपडेटच्या नावाखाली इंटरनेटवरून फुकटची सॉफ्टवेअर मात्र उतरवू नका. साध्या माऊसला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो आणि त्या सॉफ्टवेअरसोबत काय काय येतं ते मी रोज पुसतो.

वायरवाल्यांसाठी

वायर घेतली म्हणजे सुटलो असं नाही. वायर मोडते ती जवळपास नेहमी माऊसच्या नाकाशी किंवा यूएसबीच्या मानेशी. एका हाताने माऊस स्थिर धरा आणि दुसऱ्याने वायर इंच-इंच वाकवत जा. जिथे टुंग वाजेल तिथे ती आतून तुटलीय. त्याआधी पुढचं पोर्ट सोडून मागच्या पोर्टात लावून बघा, पुढची पोर्टं पेनड्राइव्ह खुपसून-खुपसून सैल झालेली असतात. आणि टेबलामागे एकदा वाकून बघा. पावसाळ्यात शेतातून घरात आलेले उंदीर माऊसची वायर कुरतडतात, यात विनोद आहे हे मला मान्य आहे, पण खर्च होतोच.

डबल क्लिकचा आजार वायर-बिनवायर दोघांना होतो. बटणाखाली छोटा मायक्रोस्विच असतो. त्यातली धातूची पट्टी थकते, संपर्कावर थर चढतो आणि एका दाबात ती दोनदा टेकते. काही दिवस पट्टी साफ करून निघतात, पण तो परत येतो. पक्का उपाय म्हणजे स्विच बदलणं. सोल्डरिंग येत असेल तर माऊसच्या पायाखालच्या पट्ट्या अलगद उचला, स्क्रू त्यांच्याखाली लपलेले असतात. येत नसेल तर उघडू नका. तीनशेच्या माऊसवर मी स्विच बदलायचे पैसे घेत नाही, नवा घ्या म्हणतो. तीन हजारांच्या माऊसवर जरूर बदला.

तीन बटणांच्या तक्रारीचं वायरशी काहीच नातं नाही. स्वस्त कीबोर्डच्या आतली जाळीच अशी असते की काही जोड्या एकत्र दाबल्या की तिसरं बटण तिला कळत नाही. धुळ्यात होस्टेलवर राहणाऱ्या एका पोराने याच कारणासाठी वायरचा कीबोर्ड विकून त्याच किमतीचा वायरलेस घेतला आणि पळता पळता उडी तिथेही बसेना. नोटपॅड उघडून तुमच्या गेममधली तीन अक्षरं एकदम दाबा. दोनच उमटली तर कीबोर्डची जातच तशी. पुढचा घेताना किती बटणं एकत्र चालतात ते विचारून घ्या.

झिणझिण्या: इथे थांबा

हे मी मनावर घेऊन लिहितोय. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्र्यावर मीटरने शंभराच्या वर व्होल्ट दिसतात, २३० च्या निम्मे. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण आत खरोखर काही शॉर्ट असेल तर सुरुवात तशाच मुंग्यांनी होऊ शकते आणि हाताला यातला फरक कळत नाही. यूएसबी मधेच सुटणं, प्रिंटर जोडताना ठिणगी, जळालेलं पोर्ट, ही सगळी याच घरातली भावंडं.

वायरलेस माऊस घेतला की झिणझिण्या जाणवत नाहीत. म्हणून लोक समजतात की प्रश्न मिटला. तो झाकला गेला, मिटला नाही.

तुम्ही फक्त एवढं बघा: प्लगची तिसरी जाड पिन कोणी तोडली आहे का, आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन तारांचा आहे का. असेल तर तो बदला. त्यापुढे भिंतीतलं सॉकेट उघडू नका, वायरमन बोलवा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही व्होल्टेज समोर मोजून दाखवायला सांगा. अर्थिंग चांगलं असेल तर पहिले दोन आकडे जवळपास सारखे येतात आणि तिसरा एक-दोन व्होल्टच्या आसपास राहतो. आपल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा पार कोरडा होतो. डिसेंबरात नीट असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात बिघडतं ते यामुळे. खड्ड्यात पाणी सोडायचा पाइप आहे का ते त्यालाच विचारा.

थांबायची दुसरी जागा म्हणजे फुगलेली बॅटरी. चार्जिंगचा गेमिंग माऊस टेबलावर डुगडुगायला लागला, कव्हरला फट पडली, हेडफोनची वाटी फुगली, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. दाबू नका, टोचू नका, उघडू नका. लिथियमची बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांत चार्ज करायची असते आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ४५ बाहेर सावलीतच होतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी गेमचा कंट्रोलर चार्जिंगला लावून झोपू नका. सकाळी लावा.

मग घ्यायचं काय?

सेवा केंद्र, झेरॉक्स, टायपिंग क्लास, नेट कॅफे, जिथे दहा हात लागतात तिथे वायरचं. सेल संपत नाही, रिसीव्हर हरवत नाही, कोणी खिशात घालून नेत नाही. स्वस्त वायरलेसचा रिसीव्हर हरवला की माऊस कचऱ्यात, कारण दुसरा सहसा जुळत नाही. बँकेचं काम आणि पासवर्ड जिथे चालतात तिथेही कीबोर्ड वायरचाच ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली अक्षरं उघडीच हवेत सोडतात.

वर्गात प्रोजेक्टर लावून फिरणारे सर, टीव्हीला कॉम्प्युटर जोडून बसणारं घर, लॅपटॉप घेऊन फिरणारा केळीचा व्यापारी, यांनी वायरलेस खुशाल घ्यावं.

गेमवाल्यांना दोन आकडे सांगतो. सेकंदाला हजार वेळा हालचाल कळवणारा माऊस दर एका मिलिसेकंदाला बोलतो, मग तो वायरचा असो की चांगल्या प्रतीचा रिसीव्हरवाला वायरलेस. साधा १२५ वाला दर आठ मिलिसेकंदांनी बोलतो आणि ब्लूटूथवालाही जवळपास तेवढ्यावरच असतो. तुमची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ती स्वतःच दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते. १४४ ची स्क्रीन नसताना महागडा माऊस घेणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. तेच पैसे स्क्रीनमध्ये घाला. हेडफोनचं मात्र नक्की सांगतो, गेमसाठी ब्लूटूथ नको. आवाज जाणवेल इतका मागे राहतो, आणि माइक चालू केला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जाऊन आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. तिथे साडेतीन मिलीमीटरची पिन किंवा यूएसबीची वायर.

एवढं करूनही अटकत असेल तर या दुकानावर. फक्त येताना माऊससोबत रिसीव्हरही आणा. निम्म्या लोकांचा तो घरी कॉम्प्युटरलाच लावलेला राहतो.